पूजेला, जपाला, ध्यानाला वाद्यसंगीत : शोधायचं कसं, लावायचं कसं

मावशीचा निरोप आला होता : "पूजेच्या वेळी लावायला काहीतरी शांत पाठव रे. शब्द नकोत, नुसतं वाद्य." मी माझ्या आवडीचं तासाभराचं सतारवादन पाठवलं आणि विसरून गेलो. चौथ्या दिवशी तिचा फोन. "सुरुवात फार छान आहे, पण नैवेद्य दाखवायच्या वेळेला तो माणूस चिडल्यासारखा का वाजवायला लागतो?"

तो माणूस चिडलेला नव्हता, वादनातल्या 'झाला' नावाच्या भरधाव भागावर पोचला होता. चूक माझीच. मैफल म्हणून जे उत्तम, ते देवघरात चालेलच असं नाही, एवढं साधं मला सुचलं नव्हतं. त्यानंतर मावशीसाठी, मग आईसाठी, मग स्वतःसाठी निवडता निवडता जे हाती लागलं ते इथे लिहितो आहे. शास्त्रीय संगीत कळायला हवं अशी अट नाही. कान आणि थोडा धीर पुरे.

आधी हा झाल्याचा घोळ समजून घ्या

सतार, सरोद, सूरबहार, रुद्रवीणा यांचं पूर्ण वादन साधारण एका वाटेने जातं. आधी आलाप : तबला नाही, ताल नाही, एकेक स्वर सावकाश उलगडत जातो. मग जोड : ताल अजून नाही, पण लय जाणवू लागते, पावलं टाकल्यासारखी. मग झाला : चिकारीच्या, म्हणजे कडेच्या लय धरणाऱ्या तारांवर भराभर आघात. त्यानंतर तबला (रुद्रवीणेला पखवाज) येतो, विलंबित गत म्हणजे तालात बांधलेली संथ रचना, मग द्रुत म्हणजे जलद गत, आणि शेवटी टाळ्या. बासरी आणि संतूरवालेही बहुधा हीच वाट धरतात.

आपल्याला हवा असतो तो बहुतेक वेळा फक्त आलाप. ध्वनिमुद्रण निवडलंत की आधी त्याच्या मधोमध आणि शेवटाकडे बोट सरकवून पाहा. अर्ध्या मिनिटात कळतं. आलाप कुठे संपतो ती वेळ टिपून ठेवा. वीस मिनिटांचा आलाप मिळाला तर पुढचा तबला कितीही सुंदर असो, तो संध्याकाळी चहाबरोबर ऐका.

तालाचं आणखी एक. जप करणाऱ्याने तबला असलेलं काहीच लावू नये, असं माझं ठाम मत आहे. जपाला स्वतःची लय असते, ती श्वासावर ठरते. शेजारी तीनताल सुरू असला की पाच मिनिटांत माळ तबल्याच्या चालीवर फिरू लागते, आणि तबला वाढला की नामही पळायला लागतं. पूजेचं तसं नाही. फुलं निवडणं, निरांजनाची वात वळणं, ताम्हन घासणं या हाताच्या कामांना सावकाश विलंबित गत उलट सोबत करते.

'शांत' हा शब्द शोधपट्टीत टाकू नका

'शांत संगीत', 'मेडिटेशन म्युझिक', 'मनःशांती' असं शोधलंत की आठ आठ तासांचे व्हिडिओ समोर येतात. चित्रात कमळ किंवा धबधबा, नावात सगळे रोग बरे करण्याचं आश्वासन, आणि वाजवतंय कोण, याचा कुठेही पत्ता नाही. त्यातला बराचसा माल संगणकावर तयार केलेला असतो : बासरीच्या आवाजाची एकच ओळ, खाली पसरलेला सिंथेसायझर, दर दोन मिनिटांनी तेच पुन्हा.

ओळखायची युक्ती सोपी आहे. श्वास ऐका. खरी बासरी वाजते तेव्हा सूर लागण्याच्या किंचित आधी फुंकरीचा 'हू' ऐकू येतो, लांब ओळीच्या शेवटी आवाज जरा पातळ होतो, आणि मग एक रिकामी जागा येते, कारण वाजवणाऱ्याला श्वास घ्यावाच लागतो. ती रिकामी जागाच आपल्या कामाची. तिथे ऐकणाऱ्याचाही श्वास खाली बसतो. यंत्राची बासरी श्वास घेत नाही. ती ऐकताना विनाकारण थकवा येतो तो त्यामुळेच, असं मला वाटतं.

म्हणून शोध घ्यायचा तो वाद्य, कलाकार, राग आणि 'आलाप' या चार शब्दांनी. 'बासरी पन्नालाल घोष', 'रुद्रवीणा डागर आलाप', 'सूरबहार इमरत खाँ'. एकदा एक नाव आवडलं की पुढची नावं आपोआप सापडतात.

'४३२ हर्ट्झ', '५२८ हर्ट्झ' असे आकडे मिरवणाऱ्यांबद्दल एकच सांगतो. हे आकडे पाश्चात्त्य पट्टीतल्या ठरावीक स्वराशी बांधलेले. आपल्याकडे षड्ज, म्हणजे सा, चल आहे : गायकाचा सा वेगळा, गायिकेचा वेगळा, बासरीचा वेगळा, सतारीचा वेगळा. तिथे कुठल्याशा एका आकड्यात शांती भरून ठेवली आहे हे पटत नाही. आवडलं तर ऐका, पण आकड्यासाठी ऐकू नका.

वाद्य निवडताना

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी डोळे झाकून बासरी सांगतो. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी लांब, खर्जाकडे, म्हणजे खालच्या सुरांकडे झुकणारी बासरी शास्त्रीय मैफलीत आणली. त्यांच्या आधी बासरी म्हणजे गुराख्याची किंवा वाद्यवृंदातली. जुन्या मुद्रणात खरखर आहे, पण दोन दिवसांत कान सरावतो. स्वच्छ ध्वनिमुद्रण हवं असेल तर हरिप्रसाद चौरसिया आहेतच, फक्त त्यांच्या शेवटच्या द्रुत गती बाजूला ठेवा.

दुसरं, आणि माझं सर्वांत लाडकं, रुद्रवीणा. झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) मुंबईत राहिले, पनवेलजवळ पळस्प्याला त्यांचं गुरुकुल. त्यांनी वीणा मोठी आणि जड करून घेतली, की आवाज खाली उतरावा आणि सूर रेंगाळावा. एकदा तार छेडली की स्वर मींडेने एका जागेवरून दुसरीकडे सरकतो, विरत जातो, आणि तो पूर्ण विरेपर्यंत पुढचा येत नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, काही घडतच नाहीये. बरोबर आहे. ध्यानाला बसलेल्या माणसाला काही घडायला नकोच असतं. त्यांचे चिरंजीव बहाउद्दीन डागर आज वाजवतात, त्यांची नवी मुद्रणं आवाजाच्या दृष्टीने जास्त सोयीची.

सूरबहार म्हणजे सतारीची थोरली, खर्जातली बहीण. आलापासाठीच जणू केलेली.

संतूर बऱ्याच जणांना आवडतं. शिवकुमार शर्मांनी (१९३८–२०२२) काश्मीरच्या या लोकवाद्याला आलाप वाजवायला शिकवलं, ही मोठीच गोष्ट. पण हे आघाताचं वाद्य आहे. प्रत्येक थेंब वेगळा पडतो आणि लक्ष त्या थेंबाकडे जातं. पूजेला छान, डोळे मिटून बसायला मला जरा चमचमीत वाटतं.

व्हायोलिनमध्ये डी. के. दातार आणि एन. राजम यांचं गायकी अंगाचं वादन घ्या. तो आवाज माणसाच्या गळ्यासारखा चालतो.

सारंगीचं अवघड आहे. वाद्य अप्रतिम, आणि राम नारायण यांनी ते साथीतून उचलून स्वतंत्र बैठकीवर बसवलं. पण कुणी मोठा नेता गेला की रेडिओवर सारंगी लागायची, त्यामुळे एका अख्ख्या पिढीच्या कानात ती दुखवट्याची झाली आहे. माझी आजी सारंगी ऐकली की हातातलं काम थांबवून विचारायची, "कोण गेलं?" घरात तशी ज्येष्ठ मंडळी असतील तर आधी विचारून लावा.

सनई मात्र आपल्या घराघरांत सकाळचीच. आकाशवाणीची सभा मंगलध्वनीने उघडायची, गोव्यातल्या देवळांच्या नौबतखान्यातून सनई-चौघडा झडायचा. बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) लावले की दिवस उजाडल्यासारखा वाटतो, पण सनई मुळात मोकळ्यावरची, दुरून ऐकायची. आठ बाय दहाच्या खोलीत ती अंगावर येते. शेजारच्या खोलीत लावून दार लोटून ठेवा, मग बघा. सोलापूरकडची सुंदरी ही सनईची धाकटी, आवाजाने गोड. तिचं मुद्रण मिळालं तर सोडू नका.

वाद्यावर अभंग वाजतो तेव्हा

ओळखीच्या अभंगाची चाल बासरीवर वाजली की शब्द कानात नसले तरी मनात उमटतातच. पूजेला हे चांगलं. आपण मनातल्या मनात अभंगच म्हणत असतो. जपाला मात्र वाईट, कारण नामाचे शब्द आणि चालीतून येणारे शब्द एकाच जागेसाठी भांडतात. आमच्या शेजारणीचाही हाच अनुभव. त्या वसईच्या, रोज रात्री क्रूसासमोर मेणबत्ती लावून बसतात आणि ऑर्गनवर बाख या पाश्चात्त्य संगीतकाराच्या रचना ऐकतात. त्यांचं म्हणणं, ज्या रचनेत ओळखीचं स्तोत्र दडलं आहे ती प्रार्थनेला लावते, नुसतं गप्प बसायचं असेल तेव्हा ती नाही. धर्म कुठलाही असो, मन चालीत शब्द भरतंच.

वेळ आणि राग

रागांच्या वेळा पाळल्याच पाहिजेत असं नाही, पण पाळल्या तर निवड सोपी होते, हा त्यांचा मोठा उपयोग. पहाटे ललत किंवा भैरव. सूर्य वर येताना अहिरभैरव, बैरागी, थोड्या वेळाने तोडी. दुपारी डोळे मिटून पडायचं असेल तर शुद्ध सारंग. दिवेलागणीनंतर यमन किंवा भूप, रात्री उशिरा बागेश्री, मालकंस.

एक सावधगिरी. संध्याकाळचा म्हणून मारवा लावाल तर फसाल. मारव्यात पंचम (प) नाही, षड्जावर विसावणंही लांबवलेलं असतं, त्यामुळे दिवस बुडतानाची हुरहुर त्यात भरून राहते. राग थोर आहे, पण त्याने मन निवत नाही. एका मित्राला मी तो ऑफिसातून आल्यावर ऐकायला दिला होता. त्याने दुसऱ्या दिवशी विचारलं, "काही झालंय का तुला?" ज्याला काहीच ठरवायचं नाही त्याने सकाळी अहिरभैरव, संध्याकाळी भूप, एवढं धरून चालावं.

नुसता तंबोरा

इथे जरा थांबतो, कारण माझ्या मते खरं उत्तर इथेच आहे. शब्द नकोत, ताल नको, चाल नको, असं एकेक काढत गेलं की शेवटी तंबोरा उरतो.

मिरजेत तंतुवाद्यं घडवणाऱ्यांची दुकानं आहेत. मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे, पुढे सतारमेकर झाले. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे एका कारागिराला जवारी, म्हणजे तारेचं गुंजन, लावताना पाहिलं होतं. तार घोडीवर, म्हणजे तिच्याखालच्या पट्टीवर, आडवी टेकलेली. छेडली तर नुसतं 'टण'. त्याने तार आणि घोडी यांच्यामध्ये दोऱ्याचा तुकडा घातला आणि बोटाच्या टोकाने केसभर पुढे, केसभर मागे सरकवू लागला. कान तारेजवळ, डोळे दुसरीकडेच. एका जागी दोरा आला आणि तीच तार 'झंऽऽ' करून उघडली. एका सुरातून वरचे कितीतरी सूर बाहेर पडू लागले. त्याने खुंटीला हातही लावला नव्हता.

त्या गुंजनात मन टेकवायला जागा असते, पण पुढे काय होणार याची उत्सुकता नसते. घरी तंबोरा असण्याची गरज नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा पेटी मिळते, फोनवर तानपुऱ्याची मोफत ॲप मिळतात. लावायचं असं :

पहिल्यांदा आपली पट्टी, म्हणजे आपल्या आवाजाचा सा, शोधा. सकाळी, आवाज न ताणता, बोलतो त्याच उंचीवर 'ॐ' किंवा जे नाम घेता ते लांबवा. ॲपमधली पट्टी बदलत जा, जिथे आपला आवाज तंबोऱ्यात विरघळल्यासारखा वाटेल ती तुमची. पट्ट्यांची नावं पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून : पुरुषांची बहुधा काळी एकच्या आसपास, बायकांची पांढरी पाच ते काळी पाच यांच्या दरम्यान येते. दुसऱ्याच्या पट्टीत ॐकार करू नका, घसा दुखतो आणि आठवड्यात नाद सुटतो.

मग तारा. नेहमीचा तंबोरा पंचम, दोन जोडाचे (एकाच सुरातले) षड्ज आणि खर्ज (खालचा सा) असा लागतो. ॲपमध्ये पहिल्या तारेला 'प' ठेवा. कधी 'म' करून पाहा, सगळा रंगच गंभीर होतो. मालकंसाला तोच लागतो. वेग कमी करा, इतका की चार तारांचं एक आवर्तन आणि आपला एक सावकाश श्वास जुळावा. ॲपचा मूळचा वेग हवा त्यापेक्षा बहुधा जास्त असतो.

मिळेल कुठे

आकाशवाणीची 'रागम' ही चोवीस तासांची शास्त्रीय संगीताची वाहिनी २६ जानेवारी २०१६ पासून सुरू आहे, फोनवर ऐकता येते. मात्र पुढे काय लागेल ते आपल्या हातात नाही, तेव्हा ती नवी नावं कळण्यासाठी ठेवा, ध्यानासाठी नको. प्रसार भारतीच्या यूट्यूबवरच्या संग्रहात जुन्या बुजुर्गांची वादनं आहेत. 'दरबार' या ब्रिटनमधल्या संस्थेच्या वाहिनीवर रुद्रवीणा आणि सूरबहारची फार स्वच्छ मुद्रणं मिळतात. पैसे भरून घेतलेल्या संगीत ॲपवर बहुतेक जुन्या तबकड्या आहेत.

एलपी तबकडीची एक बाजू साधारण वीस मिनिटांची असायची. म्हणजे जवळजवळ आपल्या पूजेएवढी. वादकालाही तेवढ्यात राग मांडायचा असल्याने पसारा कमी. त्या काळातली, विशेषतः साठ-सत्तरच्या दशकातली मुद्रणं शोधाल तर कापाकापी करावी लागणार नाही. ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्या मात्र तीन-साडेतीन मिनिटांच्या. आसन घालेपर्यंत संपतात.

दहा मुद्रणं जमवू नका. सुरुवातीला दोनच ठेवा आणि महिनाभर तीच लावा. कानाला सवय झाली की पहिला सूर लागताच मन बसायला लागतं. ही सवयच अर्धं काम करते.

फोनचा बंदोबस्त

एकदा बासरीवर अहिरभैरव चालू होता, डोळे मिटलेले, अकराव्या मिनिटाला एका मोफत ॲपवर बनियनची जाहिरात लागली. दोष जाहिरातीचा नाही, मी मुद्रण उतरवून घेतलं नव्हतं. तेव्हा आधी उतरवून घ्या, मग एअरप्लेन मोड लावा. त्याने फोन, निरोप, जाहिरात सगळंच थांबतं. नुसतं 'डू नॉट डिस्टर्ब' लावलंत तर अलार्म सहसा वाजतातच, सकाळचे अलार्म आठवणीने बघा. ऑटोप्ले बंद करा, नाहीतर वीणेच्या पाठोपाठ लग्नाची वरात येते. क्रॉसफेडही बंद, कारण तो शेवटच्या विरत्या सुरावर दुसरं गाणं आणून टाकतो. किती वेळ बसायचं ते ठरलं असेल तर घंटेचा टायमर नको, ॲपमधला स्लीप टायमर लावा. संगीत थांबणं हीच खूण.

मावशीसारख्यांना हे सगळं सांगण्यात अर्थ नसतो. तिला मी पेनड्राइव्ह घालायचा छोटा स्पीकर दिला. आलापापुरत्या कापलेल्या फायली, नावापुढे ०१, ०२ असे आकडे, कारण हे स्पीकर बहुधा त्याच क्रमाने वाजवतात. एक बटण, बाकी काही नाही.

आवाज आणि जागा

काळी एकच्या तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर बोलते. फोनचा इवलासा स्पीकर इतक्या खालचा आवाज जवळजवळ देतच नाही. म्हणून रुद्रवीणा फोनवर ऐकून 'कंटाळवाणी' म्हणणाऱ्यांचा मला राग येत नाही, त्यांनी ती ऐकलेलीच नसते. साधा ब्लूटूथ स्पीकरही पुष्कळ फरक करतो. तो लाकडी फळीवर ठेवा, काचेवर नको, आणि समोर न ठेवता पाठीमागे किंवा खोलीच्या कोपऱ्यात ठेवा. समोरून आलेला आवाज आपण ऐकायला लागतो, मागून आलेल्यात नुसतं बसता येतं.

आवाज किती? निरांजन लावताना काडी पेटल्याचा आवाज त्याच्यावरून ऐकू आला पाहिजे, एवढाच. इयरफोन मी टाळतो. कानात घातलं की संगीत डोक्याच्या आत वाजतं आणि घर नाहीसं होतं. पण लहान घरात, टीव्ही चालू असताना, दुसरा इलाजही नसतो.

नको तिथे नको

इगतपुरीच्या धम्मगिरीला विपश्यनेसाठी जाऊन आलेले सांगतील, तिथे साधनेला संगीत अजिबात नाही. श्वास पाहायचा तर श्वासच. ज्यांची साधना अशी आहे त्यांनी हा लेख सोडून द्यावा, काही बिघडत नाही. बाकीच्यांनीही संगीत शेवटपर्यंत चालवू नये. वीस मिनिटं बसणार असाल तर पंधरा मिनिटांचं मुद्रण निवडा. वीणेचा शेवटचा सूर विरतो, मग पंख्याचा आवाज येतो, खालच्या मजल्यावरची कुकरची शिट्टी येते, दूधवाल्याची सायकल.

मावशीकडे हल्ली ०१ क्रमांकावर भूप आहे, बासरीवर, आलापापुरता. सकाळी लावते. भूप संध्याकाळचा आहे हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.